बरणीतल्या गोळ्या, पाडव्याच्या गाठी

साठी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली आणि बोलणे खाण्यावर आले, की थोड्याच वेळात कोणीतरी लिमलेटच्या गोळीचे नाव काढते. मग दुसऱ्याला श्रीखंडाची गोळी आठवते, तिसऱ्याला संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, वरून साखर भुरभुरवलेली नारिंगी गोळी. जिरागोळी, पेपरमिंट, गोडीशेव, रेवडी, बत्तासा अशी यादी लांबत जाते आणि शेवटी सगळ्यांचे एकमत होते, की आता ते काही राहिले नाही. माझा जन्म घोडनदीचा, म्हणजे सरकारी कागदावर शिरूरचा, आणि आजोळ दौंड तालुक्यातले. या एकमतात मीही पुष्कळ वर्षे सामील होतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘काही राहिले नाही’ हे वाक्य तपासल्याशिवाय स्वीकारू नये. म्हणून गेली दोन वर्षे सवड मिळेल तसा मी या दोन तालुक्यांतले बाजार, जत्रा आणि गुऱ्हाळे हिंडलो. वहीच्या पानावर दोनच रकाने आखले होते : ‘मिळते’ आणि ‘मिळत नाही’.

हिंडणे संपले तेव्हा पहिला रकाना माझ्या अपेक्षेपेक्षा बराच भरलेला होता. गाठी, बत्तासे, रेवडी, गोडीशेव, साखरफुटाणे, खडीसाखर, तिळाचा हलवा हे सगळे अजून मिळते. काही बारा महिने, काही ठरलेल्या दिवसांतच. दुसऱ्या रकान्यात होत्या त्या बरणीतून सुट्या विकल्या जाणाऱ्या गोळ्या : लिमलेट, श्रीखंड, नारिंगी, जिरागोळी. पुण्यातल्या एखाद्या दुकानात ‘आठवणीतला खाऊ’ म्हणून त्या प्लॅस्टिकच्या डब्यात मिळतात; गावच्या दुकानात नाहीत. आता यात गंमत अशी, की पहिल्या रकान्यातले पदार्थ पुष्कळ जुने आणि करायला किचकट. दुसऱ्यातले नवे आणि सोपे. मग जुने टिकले आणि नवे गेले, हे कसे?

पाट आणि काहिल

दौंड तालुका पूर्वी भीमथडीत मोडत असे. भीमथडी म्हटले की तट्टे आठवतात, ऊस नव्हे. पाऊस बेताचा, मुलूख ज्वारी-बाजरीचा. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि मुठेचा उजवा कालवा पुणे ओलांडून पूर्वेला या बाजूला आला. १८७६-७७ च्या दुष्काळात निघालेल्या कामांतून माटोबाचा तलाव झाला. पाणी आले तिथे ऊस आला आणि ऊस आला तिथे गुऱ्हाळ. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन दौंडचे जंक्शन झाले, तेव्हा या मुलखातल्या मालाला दोन्ही दिशांची बाजारपेठ मिळाली. शिरूरला मात्र थांबावे लागले. घोड नदीवरचे चिंचणीचे धरण आणि पुढे चासकमानचा कालवा ही स्वातंत्र्यानंतरची कामे. आज पाटसला ‘भीमा’ आणि न्हावऱ्याला ‘घोडगंगा’ असे दोन सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत उभे दिसतात, पण त्यांच्या आधी शंभर वर्षे गोडाचा कारभार गुऱ्हाळाच्या काहिलीत चालत होता.

त्या काहिलीत एकच रस असतो. फरक पडतो तो आचेचा आणि वेळेचा. लवकर उतरवला तर काकवी, आणखी आटवला तर गूळ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा अशी उसापासून होणाऱ्या पदार्थांची नावे एका ओळीत दिली आहेत. पातळ काकवीपासून दाणेदार साखरेपर्यंतचा तो जिना आहे. त्यातल्या ‘खण्ड’ शब्दाने फारसी-अरबीतून युरोप गाठला आणि ‘कँडी’ होऊन तो आपल्याकडे इंग्रजी शाळेच्या दारातून परत आला. आपल्याच घरातला मुलगा साहेब होऊन यावा तसे.

पांढरी साखर मात्र खेड्यात फार काळ परकी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसहून येणारी साखर मुंबई इलाख्यात ‘मोरस’ म्हणून ओळखली जाई. घरात गूळ, देवाला साखर, अशी विभागणी होती. गाठी, बत्तासा, हलवा हे सणाचे आणि देवाचे पदार्थ साखरेचे असतात त्यामागे ही विभागणी असावी असे मला वाटते. रोजच्या तोंडातला पदार्थ देवापुढे ठेवण्यापेक्षा दुर्मीळ पदार्थ ठेवण्यात मान अधिक. साखर देशात मुबलक होऊ लागली ती १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर. परदेशी साखरेवर जकात बसली आणि थोड्याच वर्षांत देशभर कारखाने उभे राहिले. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावला १९३३ मध्ये कारखाना काढला. आपल्या पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले तेही याच सुमारास. साखरेच्या गोळीचा इतिहास इथून सुरू होतो.

काचेची गोळी, काचेची बरणी

मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ मध्ये सुरू झालेला पार्ल्यांचा कारखाना आधी बिस्किटांचा नव्हता, गोळ्यांचा होता. संत्र्याच्या चवीची गोळी हे त्यांचे सुरुवातीचे उत्पादन. रावळगावच्या कारखान्याने १९४२ मध्ये आपल्याच साखरेच्या गोळ्या करायला घेतल्या. या दोन नावांनी गोळी महाराष्ट्राच्या खेड्यापर्यंत नेली, आणि मग त्यांचे पाहून शहराशहरांत लहान भट्ट्या निघाल्या.

बत्तासा आणि लिमलेट ही दोन्ही साखरेचीच, पण जात वेगळी. बत्तासा करताना घट्ट पाकात चिमूटभर सोडा पडतो, पाक फुगतो आणि थेंबाथेंबाने चटईवर सोडला की आत हवा धरून त्याची साखर परत दाणेदार होते. लिमलेटसाठी पाक सुमारे १५० अंशांपर्यंत तापवतात. पाणी जवळजवळ सगळे उडून जाते. साखरेने पुन्हा दाणा धरू नये म्हणून त्यात ग्लुकोज किंवा आम्ल घालतात, आणि थंड झाल्यावर जे उरते ती शास्त्राच्या भाषेत काचच असते. म्हणून ती पारदर्शक दिसते आणि दातांखाली फुटताना काचेसारखीच फुटते. या काचेचा शत्रू एकच, हवेतला ओलावा. श्रावणात उघडी राहिलेली गोळी तासाभरात चिकट होते. जाड काचेची, घट्ट झाकणाची बरणी दुकानात आली ती शोभेसाठी नव्हे, त्या बरणीशिवाय हा धंदाच होऊ शकत नव्हता.

या लहान भट्ट्यांना सरकारी धोरणाचाही आधार होता. १९६७ मध्ये काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण ४७ वस्तूंपासून सुरू झाले. पुढे ही यादी ८०० च्या वर गेली. साखरेच्या कडक गोळ्या त्या यादीत होत्या. आधीपासूनचे मोठे कारखाने चालू राहिले, पण नव्या बड्या भांडवलाला या व्यवसायात मोकळे रान नव्हते. १९६७ मध्येच साखरेवरचे नियंत्रण अंशतः उठले. काही साखर लेव्ही म्हणून रेशनला आणि उरलेली खुल्या बाजारात, अशी व्यवस्था झाली. त्यामुळे भट्टीवाल्याला पैसे मोजले की साखर मिळू लागली. माझ्या लहानपणीच्या बरणीत गोळ्या होत्या त्याला या दोन निर्णयांचा हातभार होता, हे मला पन्नाशीनंतर कळले. घोडनदीच्या पेठेत पुण्याहून आणि नगरहून पत्र्याचे डबे एसटीच्या टपावरून येत. डब्यावर नाव नसे. आम्हाला चव माहीत होती, करणारा माहीत नव्हता.

दौंडची गोष्ट थोडी निराळी. मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन तिथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तेवढा वेळ गाडी उभी, पोरे कंटाळलेली आणि फलाटावर आलेपाक, चिक्की, गोळ्यांच्या पुड्या घेऊन फिरणारे विक्रेते. लोणावळ्याच्या चिक्कीला रेल्वेने नाव मिळवून दिले. दौंडच्या फलाटावर तसे स्वतःच्या नावाचे काही जन्मले नाही, पण त्या थांब्यावर बरीच पोटे चालली. आता काही गाड्या बाहेरच्या जोडमार्गाने दौंड स्थानकात न शिरताच जातात.

पाच पैसे

गोळी गेली कशाने? चवीने नक्कीच नाही. चव अजून जिभेवर आहे म्हणून तर आपण हळहळतो. माझ्या मते ती गेली नाण्याबरोबर.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे ६४ पैसे होते, त्याचे १०० नवे पैसे झाले. पुढे ॲल्युमिनियमची हलकी नाणी आली. चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे आणि वीस पैसे, पाकळ्यापाकळ्यांच्या कडेचे दहा पैसे. ही नाणी मोठ्या माणसाच्या व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी होती आणि नेमकी म्हणूनच ती मुलांच्या मुठीत येत. मला आठवते तसे, १९७० च्या आसपास पाच पैशांना दोन लिमलेट मिळत. दुकानदाराच्या दृष्टीने गोळी म्हणजे सर्वांत लहान नाण्याला उत्तर देणारी वस्तू. पुढे तर ती स्वतःच नाणे झाली. सुटे नसले की दुकानदार परत देताना गोळी हातावर ठेवू लागला. महागाईने एक, दोन, तीन, पाच, दहा पैसे असे खालून एकेक नाणे निकामी होत गेले आणि ३० जून २०११ ला पंचवीस पैसे व त्याखालची सगळी नाणी चलनातून अधिकृतपणे बाद झाली.

ज्या वस्तूची किंमत एक रुपयाच्या खाली मोजायची सोयच उरली नाही, ती सुटी विकणे दुकानदाराला परवडेना. एका रुपयाला एक गोळी घ्यायची तर ती छापील कागदात गुंडाळलेली, जाहिरातीतली हवी. याच वर्षी, २०११ मध्ये, दौंडच्या शेजारी बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत फेरेरो या इटालियन कंपनीचा कारखाना सुरू झाला. किंडर जॉय आणि टिकटॅक तिथे तयार होतात. उसाच्या मुलखात गोळ्यांचा कारखाना यावा आणि त्याच वर्षी गोळीचे नाणे जावे, हा योगायोग मी वहीत अधोरेखित करून ठेवला आहे. पुढे २०१५ मध्ये लघुउद्योगांच्या राखीव यादीतल्या उरलेल्या वस्तूही वगळल्या गेल्या. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि पाककृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतल्या. पान पसंद आणि मँगो मूड ही नावे ज्यांच्या तोंडात विरघळली, त्यांनी ती बातमी एखाद्या मृत्युलेखासारखी वाचली. खरे तर रावळगावचे नाव विकले गेले म्हणूनच कदाचित टिकेल. बिननावाच्या डब्यातल्या गोळीला विकत घेणाराही कोणी नव्हता.

हातातली आणि वरून पडलेली

इथपर्यंतचे टिपण मी शिरूर तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना वाचून दाखवले. ते निवृत्त शिक्षक, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, की बरणीत हात कोणाचा जायचा, हे यात कुठे आहे? मला प्रश्न कळला नाही. त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्या पोरांनी नाणे फळीवर ठेवून मागे सरायचे. दुकानदार बरणीत हात घालून गोळी काढी आणि ओंजळीत वरून टाकी. हाताला हात लागू नये इतक्या उंचीवरून. कधी ती निसटून मातीत पडे. मग ती चड्डीला पुसून तोंडात टाकायची. कागदात गुंडाळलेली गोळी आली तेव्हा त्यांना पहिला आनंद चवीचा झाला नव्हता. ती मातीत पडली तरी आतून स्वच्छ राहते याचा झाला होता.

मी त्याच पेठेत वाढलो. माझ्या हातावर गोळी ठेवली जात असे, आणि दुसऱ्या कोणाच्या ओंजळीत ती पडत असे हे मी पाहिलेही असेल, पण मला आठवत नाही. आठवत नाही, ही गोष्टच मला अधिक टोचली. सुट्या गोळीचा मोठेपणा सांगताना आपण नेहमी दुकानदाराच्या मायेचा उल्लेख करतो, एखादी गोळी जास्त दिल्याचा. ती माया खोटी नव्हती, पण ती सगळ्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. बरणी जाण्याचे दुःख करताना वेष्टनाने काय मिटवले, याचीही नोंद करायला हवी.

दुसरी नोंद १९७२ ची. त्या दुष्काळात या मुलखातली हजारो माणसे खडी फोडायला गेली. त्या पिढीला गोड म्हटले की गोळी आठवत नाही, सुकडी आठवते. दुष्काळी कामांवर वाटलेली ती गोडसर पिठी. एका बाईंनी मला सांगितले, की आपण बरणीतली गोळी लग्नानंतर पहिल्यांदा खाल्ली. तोवरचे गोड म्हणजे सुकडी आणि गुऱ्हाळावरचा गूळ.

तिथीचा आधार

आता पहिल्या रकान्याकडे येऊ. गाठी, बत्तासे, रेवडी का टिकली? त्यांना नाण्याचा आधार नव्हता, तिथीचा होता.

महाशिवरात्र झाली की गाठीच्या भट्ट्या पेटतात. साखरेचा पाक उकळताना त्यात थोडे दूध टाकतात, म्हणजे मळी वर येते. ती काढून टाकली की पाक पांढरा होतो. लाकडी साच्यात आधी दोरा ओवून ठेवतात, साचा आवळतात, वरून पाक ओततात. काही मिनिटांत तो घट्ट होतो, साचा उघडला की पदकांची माळ दोऱ्यासकट बाहेर येते. हे सगळे फाल्गुनाच्या उन्हात, भट्टीपुढे उभे राहून. पाडव्याच्या सकाळी गुढीला गाठी हवी, म्हणून ती विकत घेतली जाते. खाण्यासाठी ती घेणारा आज विरळाच. आमच्याच घरी गाठीचे अर्धे तुकडे महिनाभर डब्यात राहतात आणि शेवटी चहात जातात. तरीही पुढच्या वर्षी गाठी आणली जाते.

रेवडीची कथा अशीच. शिजवलेला चिकट पाक खुंटीवर टाकून ओढतात, परत टाकतात, परत ओढतात, तेव्हा त्यात हवा शिरून तो पांढरा पडतो. मग तुकडे करून भाजलेल्या तिळात घोळवतात. कवठ्याची यमाई, कुरकुंभची फिरंगाई, यवतजवळचा भुलेश्वर, रांजणगावचा गणपती, यांच्या जत्रांत शेव-रेवडीच्या पालांशिवाय जत्रा पुरी होत नाही. आषाढात तुकोबांची पालखी यवत-वरवंडच्या वाटेने जाते, तेव्हा चुरमुरे-बत्ताशांची पाले तिच्या पुढेमागे चालतात. जत्रेहून आलेल्याने शेजाऱ्याच्या घरी मूठभर शेव-रेवडी द्यायची असते. ती आवडते का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

म्हणजे पदार्थ टिकतो तो चवीच्या बळावर नव्हे. ‘अमुक दिवशी हे लागतेच’ असे म्हणणारा समाज त्याच्यामागे असावा लागतो. लिमलेटची तिथी नव्हती. तिचा सण म्हणजे शाळेची मधली सुट्टी. आणि मधल्या सुट्टीला पंचांगात जागा नाही. शब्दांनीही तिची साथ सोडली. गावाकडे वेष्टनातल्या प्रत्येक गोड वस्तूला आता ‘चॉकलेट’ म्हणतात, मग त्यात कोकोचा कण नसला तरी. ‘गोळी’ हा शब्द औषधाच्या वाट्याला गेला. नातवाला ‘गोळी देऊ का?’ असे विचारले तर तो ताप नाही म्हणून सांगतो.

गुऱ्हाळावरची वाटी

वहीत मला शेवटी एक तिसरा रकाना आखावा लागला : ‘कधी विकत मिळतच नव्हते’.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता पारगावला भीमा ओलांडतो आणि केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी दिसू लागतात. माझ्या लहानपणी गुऱ्हाळाचा एक दंडक होता. वाटेने जाणारा कोणीही आत शिरला तर त्याला रस, काकवी किंवा गरम गूळ दिल्याशिवाय सोडायचे नाही. गुळव्या काहिलीतून उलथन्यावर थोडा पाक काढून पाण्यात टाकी. त्याची गोळी वळली की गूळ उतरवायला झाला. ती परीक्षेची गोळी पोरांना मिळे. कोमट, चिवट, दाताला चिकटणारी. साऱ्या यादीतली ही सर्वांत जुनी गोळी आणि तिला किंमत नव्हती. निवृत्त शिक्षकांना मी मुद्दाम विचारले. गुऱ्हाळावर त्यांना पान वेगळे मिळे, पण काकवी नाकारली गेल्याचे त्यांना आठवत नव्हते.

आजची गुऱ्हाळे व्यापारी आहेत, बरीचशी बाराही महिने चालतात. गुळापेक्षा साखर स्वस्त पडते तेव्हा काही ठिकाणी साखरच काहिलीत ओतली जाते. अन्न व औषध प्रशासनाच्या छाप्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. गावाला दुर्मीळ म्हणून जी साखर फक्त देवापुढे ठेवली जाई, तीच आता गुळात भेसळ म्हणून लपवावी लागते. दीडशे वर्षांत गोडाची उतरंड उलटी झाली, याचा याहून स्पष्ट पुरावा मला मिळालेला नाही.

गेल्या माघात मी अशा एका गुऱ्हाळावर थांबलो. चिपाडांचे ढीग, चुलवाणात ती सारणारा जाळव्या, वाफ्यात ओतलेला पिवळसर गूळ. काम चालू होते. कोणी मान वर केली नाही. मी एक किलोची ढेप घेतली, पैसे दिले आणि निघालो. मागून गुळव्याने हाक मारली. चहाच्या कागदी पेल्यात त्याने थोडी काकवी आणली होती. पैसे विचारले तर त्याने हात हलवला आणि परत काहिलीकडे गेला. तो उत्तरेकडचा मजूर होता. इथला दंडक त्याला कोणी सांगितला असेल असे वाटत नाही. त्याच्या गावाकडेही तो असणार.

घरी येऊन मी वही उघडली. ‘काकवी’ कोणत्या रकान्यात लिहायची हे ठरेना, म्हणून तिन्ही रकान्यांच्या खाली, आडवी, तारीख घालून लिहिली.